थांब्याचं कारण

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

वकिलांनी सांगितलं म्हणून लिहायला घेतलंय, नाहीतर डायरी वगैरे माझा प्रांत नाही. विनेश वकील म्हणाले, "निकेतशेठ, रोज लिहा. तारीख, वेळ, ठिकाण, सगळं खरं. नुसत्या तोंडी बडबडीला कोर्टात कुणी विचारत नाही."

हे मला शिकवायला नको. धर्माकाकाच्या ट्रेलरच्या धंद्यात दहा वर्षं कंट्रोल रूम मीच सांभाळतोय. न्हावा शेव्याहून कंटेनर उचलला की तो गिऱ्हाइकाच्या दारात उतरेपर्यंत गाडी कुठे थांबली, किती थांबली आणि का थांबली याची नोंद माझ्याकडे असते. वही म्हणून ऑफिसातलंच ट्रिप रजिस्टर घेतलंय. रकाने आयतेच आहेत. वेळ, ठिकाण, थांबा, थांब्याचं कारण, माहिती कुठून मिळाली.

तर पहिली नोंद. शनिवार, १ नोव्हेंबर. बायको मृणाली सकाळी नेहमीसारखी लॅबमध्ये कामाला म्हणून निघाली. ९.१० ला उरण एसटी स्टँड. ९.२२ ला फोन बंद. तेव्हापासून पत्ता नाही. कपाटातून चार ड्रेस आणि तिची सर्टिफिकेटं गेलीत. मंगळसूत्र देवासमोर काढून ठेवलंय, खाली कागद बिगद काही नाही.

लग्नाला पाच वर्षं झाली. एवढं शिकवून सवरून नोकरीला पाठवली, त्याचं हे फळ.

४ नोव्हेंबर, मंगळवार

वकिलांनी विचारलं, ९.२२ चं तुम्हाला कसं कळलं? म्हणून लिहून ठेवतो. लग्नानंतर तिला फोन मी घेऊन दिला. ईमेलचं खातं मी उघडलं, पासवर्ड मी टाकला. ते खातं माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडंच असतं. फोन कुठे आहे, कुणाचा मेल आला, तिने काय शोधलं, काय फोटो काढले, सगळं दिसतं. ट्रेलरच्या नकाशाशेजारी तिची खिडकी. यात लपवाछपवी काही नाही. तिला सांगितलं नव्हतं एवढंच.

घरी आल्यावर मी तिला थांब्यांची कारणं विचारायचो. मारझोड नाही, आरडाओरडा नाही, साधा प्रश्न. "आज जासईला नऊ मिनिटं का?" सुरुवातीला घाबरायची, विचारायची, तुम्हाला कोणी सांगितलं? मी म्हणायचो, मला सगळं कळतं. मग उत्तरं द्यायला लागली. पेट्रोल, पाणी, चप्पल तुटली. मागच्या रजिस्टरमध्ये सगळी उत्तरं आहेत. १४ सप्टेंबरची नोंद आत्ता काढून बघितली. खाडीपुलाजवळ अकरा मिनिटं. कारण, "श्वास घेत होते." पुढे मी शेरा मारलाय, असमाधानकारक.

ड्रायव्हरने मला असलं उत्तर दिलं असतं तर गाडीवरून उतरवला असता.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज सोक्षमोक्ष लावायला बाजारात गेलो. ऑगस्टपासून दर गुरुवारी तिचा एकाच ठिकाणी थांबा आहे. लॅब सुटल्यावर, बेचाळीस मिनिटं, पाच मिनिटं इकडे तिकडे. कारण विचारलं की म्हणायची, भाजी. बेचाळीस मिनिटांत मी अख्खा भाजीबाजार घरी आणीन. आमच्या धंद्यात गाडी एकाच जागी वारंवार थांबायला लागली की समजायचं, डिझेल कुणाच्या तरी डब्यात जातंय.

बिल्डिंग दुमजली. वरच्या मजल्यावर शिलाई क्लास आणि बायकांचं कसलंसं समुपदेशन केंद्र. म्हणजे वर सगळा बायकांचा कारभार, तो प्रश्न मिटला. खाली फोटो स्टुडिओ. आत गेलो. मालक हरेश्वर नावाचा. साठीचा, गुडघ्याला पट्टा. काही न विचारता मला स्टुलावर बसवलं, मान सरळ करा म्हणाला आणि फोटो काढला. मी तिचा फोटो दाखवून विचारलं, ही बाई इथे येते? तो म्हणाला, "वर जातात हो पुष्कळ बायका. उतरताना रडलेल्या असतात, मी बघत नाही." शिलाई शिकताना रडायचं काय?

माणूस लबाड वाटला, पण गुडघा खराच दुखत असावा. पासपोर्ट साइजचे चार फोटो उगाच गळ्यात पडले.

९ नोव्हेंबर, रविवार

तळा गावी सासुरवाडीला जाऊन आलो. सासूबाई येसूबाई एकट्याच असतात. भात झोडणी चालली होती, अंगणभर पेंढा. मृणाली तिथे नव्हती. मी आत जाऊन तिन्ही खोल्या बघितल्या, माळ्यावर पण बघितलं. म्हातारी दारातच उभी राहिली. म्हणाली, "बगा, बगा. हांड्यात पन बगा."

मी शांतपणे मोबाईल काढून प्रीतमचे मेसेज दाखवले. हे नीट लिहिलं पाहिजे. प्रीतम म्हणजे मीच. जूनमध्ये कंपनीच्या जादा सिमवर इन्स्टाग्रामला खातं काढलं, कुणा देखण्या पोराचा फोटो लावला आणि तिला मेसेज करायला लागलो. परीक्षा म्हणून. कुठल्याही नव्या ड्रायव्हरची आम्ही घेतोच. 'तुम्ही लॅबमध्ये निळ्या ड्रेसमध्ये छान दिसता.' 'आज केस मोकळे सोडलेत.' 'उद्या कुठला रंग?' असे एकवीस मेसेज. तिने एकालाही उत्तर न देता ब्लॉक केलं. दुसरं खातं काढलं, तेही केलं. मला ती रात्रीचं जेवण वाढताना काही म्हणेल म्हणून मी वाट बघितली. नवऱ्याला सांगायला नको, कोणी त्रास देतंय म्हणून? चोरून ब्लॉक केलं म्हणजे मनात काहीतरी होतंच.

सासूबाईंना मी एवढंच सांगितलं की प्रीतम नावाच्या पोराबरोबर तुमच्या मुलीचं चालू आहे. त्यांनी मेसेज वाचले. चष्मा नव्हता, लांब धरून वाचले. मग म्हणाल्या, "ह्यात माजी पोर कुटं बोलल्येय? ह्यो एकटाच बोलतोय." चहाला विचारलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

दुपारी २.०५. फोन चालू झाला!

काशीद. बीचच्या अलीकडे, कोळीवाड्याजवळ. म्हणजे बाईसाहेब समुद्रकिनारी मजा करतायत आणि मी इथे डब्यातला पाव चहात बुडवून खातोय.

लगेच तिला मेल टाकला. 'काशीदची हवा मानवली का?' पाचच मिनिटांत मेल वाचल्याचं दिसलं. उत्तर नाही. कळू दे तिला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पाच दिवस नजर आहे. तासाला तीन चार वेळा बघतो, म्हणजे काही सुटत नाही. नोंदी अशा.

पहाटे ५ ला काशीद सोडते. ५.४० रेवदंड्याच्या बर्फाच्या कारखान्याजवळ वीस मिनिटं. मग अलिबाग, पेण. सव्वानऊला पनवेलचा मासळी बाजार, दोनपर्यंत तिथेच. दुपारी उलट वाटेने, संध्याकाळी ५ ला परत काशीद. शुक्रवारी पण तेच, आज पण तेच.

मृणालीला तिच्या गावाकडचं सुकं चालतं, पण ओल्या मासळीच्या वासाने नाक मुरडणारी बाई ती. आमच्या घरात पाच वर्षं तिने कोलंबी सोलली नाही, माझ्या आईने सोलली. मग ही रोज मासळी बाजारात कशाला?

संध्याकाळी रजिस्टर पुढ्यात घेऊन बसलो आणि डोक्यात प्रकाश पडला. हा माणसाच्या फिरण्याचा नकाशाच नाही. रोज तीच वेळ, तेच थांबे, भरलेली जाताना सावकाश, रिकामी येताना सुसाट. ही मालाची गाडी आहे. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, मला कळलं. दहा वर्षं काय गवत उपटत नव्हतो.

म्हणजे ती एका मासळीच्या टेम्पोवाल्याबरोबर पळालीय आणि तो नालायक तिला रोज शेजारी बसवून फिरवतोय. बर्फाच्या कारखान्यापाशी वीस मिनिटं काय करतात ते देवाला माहीत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसात सगळ्यांसमोर कोर्टाचा माणूस येऊन कागद देऊन गेला. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली अंतरिम आदेश. मी तिला भेटायचं नाही, फोन, मेल, मेसेज करायचा नाही, दुसऱ्यांमार्फत निरोप पाठवायचा नाही, ती असेल तिथे जायचं नाही. हिंसाचार! माझ्या हाताची एक चापट तिने खाल्लेली नाही, सगळ्या गावाला विचारा.

वकिलांना फोन केला. ते म्हणाले, आदेश पाळा, पुढच्या तारखेला आपलं म्हणणं मांडू, तोवर तिच्या वाटेला जाऊ नका. बरं, पाळतो. मेल बंद. मी फक्त बघतोय. बघायला बंदी आहे असं कागदात कुठेही लिहिलेलं नाही, मी दोनदा वाचला.

आज ३१ वेळा बघितलं. स्रोत, तिचं खातं, ऑफिसचा कॉम्प्युटर.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बाथरूममध्ये तिचा कंगवा सापडला. त्यात केस होते. टाकवेना, म्हणून परत ठेवला.

मला ती घरात हवी आहे. बाकी काही नको. ती घरात असली आणि नकाशावर तिचा ठिपका घरावर असला की मला झोप लागायची.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

धर्माकाकाने केबिनमध्ये बोलावलं. काका अंगठेबहाद्दर, पण तीस ट्रेलर उभे केलेत. टेबलावर कंपनीच्या सिमकार्डांची यादी होती. पोलिसांकडून पत्र आलंय, जूनपासून एका नंबरवरून कुणा बाईला मेसेज जातायत, नंबर कुणाकडे आहे सांगा. काकाने नंबरावर बोट ठेवलं. "ह्यो तुज्याकडं हाय न?"

मी म्हणालो, हो, ती घरातली बाब आहे. बायकोची खबर ठेवत होतो.

काकाने यादी उलटी करून ठेवली. "खबर गारीची ठेवाची. ती तुजी बायको हाय का कंटेनर? मी तुला कामाला लावला, तवा हे नव्हतं शिकवलं."

"काका, तुम्हाला मोबाईलमधलं कळत नाही."

"मोबाईलमधला न्हाय कलत. मानसातला कलतं." मग म्हणाले, सोमवारपासून कंट्रोल रूमची चावी विपुलकडे दे. विपुल म्हणजे त्यांचा जावई, ज्याला पनवेल आणि पेणमधला फरक नकाशावर सांगता येत नाही. वर म्हणाले, पोलिसांना मी खरं तेच सांगणार.

सख्खा काका. रक्ताचा माणूस असा उलटतो तर परक्या बाईचं काय बोलायचं.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज काशीदला गेलो. आदेश माहीत आहे. पण तिला भेटायला गेलो नव्हतो, टेम्पोवाल्याला भेटायला गेलो होतो. त्याचं नाव आदेशात नाही.

सव्वाचारलाच पोचलो. शहाळ्याच्या टपरीआड गाडी लावली आणि मोबाईलवर ठिपका बघत बसलो. रेवदंड्याचा पूल, कोर्लई, बारशिव. ठिपका जवळ येत होता. काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. आधी त्याची कॉलर, मग ती. गाडीच्या डिकीतून टायरचा पाना काढून सीटखाली ठेवला होता. ५.०३ ला निळा टेम्पो वळणावरून आला, मागे रिकामे क्रेट खडखडतायत. मी गाडी आडवी घातली.

टेम्पोत दोन माणसं. चालवत होता तो भिकू म्हणून म्हातारा, सत्तरीचा, कानाला मशीन. शेजारी त्याची बायको आवडाबाई, कासोटा घातलेली, मांडीवर पाटी. तिसरं कोणी नाही. मी मागचं दार उघडलं, क्रेट बाजूला केले, बर्फाचं पाणी पायावर सांडलं. कोणी नाही.

पुढे आलो तर काचेजवळ, गणपतीच्या मूर्तीमागे, चार्जरच्या वायरला लावलेला मृणालीचा फोन. मागच्या कव्हरवर तिने चिकटवलेलं फुलपाखरू.

आवडाबाई खाली उतरली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तूच क रं तो उरनचा? लय वाट बघायला लावलीस. रोज आमचे संगती पनवेलला येतस नि जातस, तिकीट पन न्हाय काढलास."

मी ओरडलो, ती कुठे आहे?

"माला न्हाय ठाव, नि ठाव असता तरी नसता सांगला. माजे भाचीबरोबर लॅबमदी कामाला व्हती ती पोर. फोन देऊन बोलली, मावशी, टेम्पोत ठेव नि चालू ठेव. आमाला काय, गणपतीमागं जागा व्हती."

मी फोनकडे हात नेला. म्हातारीने पदराखालून स्वतःचा मोबाईल काढला आणि माझा फोटो घेतला. एक माझा, एक गाडीच्या नंबरचा, एक सीटवरच्या पान्याचा. पाना सीटखालून कधी वर आला ते मला आठवत नाही. "पोरीनं सांगलंय, तो आला का फोटू काढाचा, बोलाचं न्हाय. फोटू काढला. पन बोलल्याशिवाय मला न्हाय राहवत. आवरा मोटा माणूस तू, नि मासलीच्या टेम्पोमागं फिरतस? लाज न्हाय वाटली?"

तोवर भिकूला, आवडाबाईला हाका मारत कोळीवाड्यातले सातआठ जण जमले होते. मी गाडीत बसलो. परत येताना अलिबागपर्यंत अंगाला मासळीचा वास येत होता.

तेरा दिवस एका म्हातारा म्हातारीचा संसार बघत होतो मी. बर्फाच्या कारखान्यापाशी ती दोघं बर्फ भरत होती.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पोलीस ठाण्यात बोलावलं. अमिषा नावाच्या उपनिरीक्षक बाई. वय माझ्याहून कमी, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. म्हणाल्या, मृणालीच्या तक्रारीवर भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ लावलंय, पाठलाग. शिवाय कोर्टाच्या आदेशाचा भंग आहे का तेही तपासतायत.

मी हसलो. म्हणालो, मॅडम, ते कॉलेजच्या गेटवर उभ्या राहणाऱ्या टपोरी पोरांसाठी आहे. स्वतःच्या बायकोचा पाठलाग कसा होईल?

त्या म्हणाल्या, "कायद्यात कोणताही पुरुष असं लिहिलंय. नवरा सोडून, असं लिहिलेलं नाही. आणि नुसतं मागे चालणं नाही, बाईचं इंटरनेट, ईमेल, फोन यांच्यावर नजर ठेवणं पण त्यातच येतं."

तक्रारीवरची तारीख बघितली. ३० ऑक्टोबर. गुरुवार. म्हणजे घर सोडायच्या दोन दिवस आधी. त्या रात्री तिने मला पापलेट वाढलं होतं, स्वतः तळून. पहिल्यांदाच. मी म्हणालो होतो, आज काय विशेष? ती म्हणाली होती, काही नाही.

मग बाईंनी एक जाड फाइल उघडली. म्हणाल्या, "तुम्ही कॉम्प्युटरवरून फोन कुठे आहे ते शोधलंत की प्रत्येक वेळी त्या फोनवर सूचना येत होती, हे तुम्हाला माहीत होतं?" मला माहीत नव्हतं. आमच्या ट्रेलरमध्ये तसं काही नसतं, ड्रायव्हरला कळत नाही. गणपतीपासून घर सोडेपर्यंत तिने प्रत्येक सूचनेचा फोटो काढून ठेवलाय. एकेका दिवशी चाळीस चाळीस. पुढचे आवडाबाईच्या भाचीने काढले.

आता आठवतं. जेवताना तिचा फोन वाजायचा, ती बघायची आणि मग माझ्याकडे बघायची. मी टेबलाखाली मोबाईल घेऊन तिचा ठिपका बघत असायचो. समोर बसलेली असताना सुद्धा.

म्हणजे दोन महिने ती माझ्यावर पाळत ठेवून होती! माझ्याच घरात, माझं खाऊन! हा गुन्हा नाही? मी बाईंना विचारलं. त्यांनी फक्त पेनाचं टोपण लावलं.

शेवटी म्हणाल्या, "तुमचं काय म्हणणं आहे ते ऐकायला मी बसलेय. लेखी काही असेल तर उद्या दहा वाजता आणा. वकिलांना घेऊन या, तो तुमचा हक्क आहे."

माझ्याकडे आहे, मी म्हणालो. सगळं आहे, पहिल्या दिवसापासून.

२६ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी ८.३०

वकिलांना फोन करून सांगितलं, वही घेऊन निघतोय. ते एकदम ओरडले, "काय लिहिलंय तिच्यात? आधी मला दाखवा. मी येईपर्यंत ठाण्यात पाय ठेवू नका." मी फोन कट केला. हेच म्हणाले होते ना, सगळं खरं लिहा म्हणून? मी खरं लिहिलं. काकासारखे हे पण तिला फितूर झाले असतील तर नवल नाही.

पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचून काढलं. एकही खाडाखोड नाही. प्रत्येक नोंदीला वेळ आहे, ठिकाण आहे, माहिती कुठून मिळाली ते आहे. तिच्याकडे नुसते मोबाईलचे फोटो, माझ्याकडे हाताने लिहिलेलं रजिस्टर. सोबत मागचं रजिस्टर पण नेतोय, लग्नापासूनचे तिचे सगळे थांबे त्यात आहेत. कुणीही शहाणा माणूस वाचेल तर त्याला कळेल या घरात काय चाललं होतं.

आता फक्त सह्या राहिल्यात. प्रत्येक पानावर करतो. पहिल्या पानावर हरेश्वरच्या स्टुडिओतला फोटो चिकटवतो, चारातला एक, आणि खाली पूर्ण नाव लिहितो, निकेत घरत. नाहीतर उद्या ती कोर्टात म्हणायची, हे दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय.